चित्र ऑनलाइन विकायचंय? आधी फोटो, मग भाव, मग खोकं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नव्या चित्रकाराचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘फॉलोअर कसे वाढवायचे’ हाच असतो. फॉलोअर थोडे असले तरी चित्र विकलं जातं. पण फोटोत रंग खोटा दिसला, किंवा घरपोच गेलेल्या चित्राचा कोपरा मोडला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि जाताना आणखी चार जणांना सांगतं. म्हणून इथे हॅशटॅगबद्दल फारसं काही मिळणार नाही. फोटो, भाव, हक्क आणि पॅकिंग यांबद्दल मिळेल.

फोटो

त्यासाठी कॅमेरा विकत घेऊ नका. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो. घोळ होतो तो उजेडाचा. आपल्याकडचं ऊन पांढरं आणि कडक. मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊनंतर गच्चीवर काढलेल्या फोटोत कागदाचा पोत पार उडून जातो आणि ॲक्रिलिकवर चकाकीचे डाग येतात. आकाशाचा उजेड येतो पण ऊन येत नाही अशी जागा हवी: उत्तरेची खिडकी, नाहीतर पूर्ण सावलीतला ओटा. वेळ सकाळी साडेसात ते नऊ. त्यातही पातळ ढगांचा दिवस मिळाला तर त्याच दिवशी साठलेली सगळी चित्रं उरकून घ्या.

दुसरा घोळ भिंतींचा, आणि तो सहसा लक्षात येत नाही. आपल्या घरांत पिस्ता, गुलाबी, आकाशी ऑइलपेंट सर्रास असतो. त्या भिंतीवरून परतलेला उजेड चित्रावर पडतो आणि पांढरा कागद हिरवट नाहीतर गुलाबी दिसायला लागतो. अंगणावर हिरवी शेडनेट किंवा निळा पत्रा असेल तर विचारायलाच नको. चित्राच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी टांगा किंवा थर्माकोलच्या शीट उभ्या करा. घरातला ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब बंद ठेवा. खिडकीच्या उजेडात बल्बचा उजेड मिसळला की अर्धं चित्र निळसर आणि अर्धं पिवळट येतं, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. चाळीसगावच्या घरात बसून केकी मूस यांनी टेबलटॉप फोटोग्राफीत नाव कमावलं. जागा एका टेबलाएवढी चालते, पण तिथला उजेड आपल्या ताब्यात हवा.

चित्र भिंतीला उभं, सरळ टेकवा. ते तिरकं आणि फोन सरळ असला की चौकोनाचा तिरपा डबा होतो. फोनची लेन्स सुती फडक्याने पुसा (खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच, त्यामुळे सगळा फोटो धुरकट येतो). सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. एआय, ब्यूटी, ‘व्हिव्हिड’ जे काही असेल ते बंद करा. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत चित्राच्या कडा बाहेर फुगतात, म्हणून दीड-दोन मीटर मागे सरका आणि फोनमध्ये दुपटीची (२x) वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून झूम करू नका. स्क्रीनवर चित्राच्या मधोमध बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवा.

एक फोटो चित्राशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कागदावर टेकवला की रंग बरेचसे जाग्यावर येतात. त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंनाही तेवढीच दुरुस्ती द्या. मग फोन आणि चित्र शेजारी धरून बघा. लाल आणि जांभळा हे रंग फोनवर सगळ्यांत जास्त खोटं बोलतात. कुंकवाचा लाल फोनमध्ये केशरी होतो. तो जुळवायला जमत नसेल तर वर्णनात सरळ लिहा: ‘प्रत्यक्षात लाल थोडा गडद आहे.’ असं लिहिल्याने विक्री अडत नाही. उलट परत येणारी चित्रं कमी होतात.

काच लावण्याआधी फोटो काढा. काचेत खिडकी, पंखा आणि तुम्ही स्वतः, असे तिघे दिसता.

प्रत्येक चित्राचे पाच फोटो ठेवा: समोरून पूर्ण, बाजूने येणाऱ्या उजेडात जवळून (ब्रशचे फटकारे दिसावेत म्हणून), सही, मागची बाजू आणि भिंतीवर लावलेलं. भिंतीवरचा फोटो मोलाचा, कारण ‘१२ × १६ इंच’ वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे आकार येत नाही. शेजारी स्विचबोर्ड दिसला तरी गिऱ्हाइकाला अंदाज येतो. दहा-पंधरा सेकंदांचा, चित्रावरून हळू फिरणारा व्हिडिओ काढला तर तो सगळ्यांत जास्त विचारपूस आणतो.

दोन फायली जपा. एक मूळ, पूर्ण आकाराची. ती कुणालाही पाठवायची नाही. दुसरी टाकण्यासाठी, लांब बाजू १५०० पिक्सेलच्या आसपास. एवढ्यावरून कुणी चोरून छापलंच तर छोटं आणि फुसकं छापलं जाईल. ए४ आकाराची नीट छपाई करायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ला ३५०८ × ४९६१. चित्रावर आडवा, भला मोठा वॉटरमार्क टाकू नका. चोराचं त्याने फारसं अडत नाही आणि घेणाऱ्याला चित्र दिसत नाही.

कुठे टाकायचं, काय लिहायचं

सुरुवातीला दोनच जागा पुरेत: इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस. इन्स्टाग्राम अनोळखी माणसांसाठी, व्हॉट्सॲप ओळखीच्यांसाठी. आणि खान्देशात पहिली दहा चित्रं ओळखीच्यांच्या ओळखीतच जातात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग करा, म्हणजे दरवेळी फोटो शोधत बसावं लागणार नाही. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो आणि एका यादीत २५६ जण बसतात. तेव्हा प्रदर्शनात भेटलेल्या माणसाला ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असं तिथल्या तिथे सांगायचं. गिऱ्हाइकाला चांगला फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं.

मजकुरात या गोष्टी असल्याच पाहिजेत: नाव, आकार इंचांत (आधी रुंदी की उंची ते कायम एकच ठेवा), माध्यम, कशावर काढलंय (३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद, ताणलेला कॅनव्हास), फ्रेम आहे का, पाठवणी धरून की वेगळी, आणि किंमत. ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहू नका. विचारायला लाजणारा माणूस निघून जातो, आणि न लाजणारा ‘हाई कितलाले शे भाऊ?’ (हे केवढ्याला आहे?) विचारून पुढे गप्प बसतो. विकलेलं चित्र काढून टाकू नका. ‘गेलं’ असं लिहून तसंच राहू द्या. तुमची चित्रं विकली जातात, हे नव्या माणसाला तिथेच दिसतं.

भाषेचं म्हणाल तर अहिराणी वापरा, बिनधास्त. सुरत, पुणे, नाशिक, कल्याणला खान्देशी माणूस भरपूर आहे. अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, श्रावणातल्या कानबाई देवीची मांडणी, सातपुड्यातला पळस, केळीच्या बागेतलं सकाळचं पाणी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, हे त्याच्या घरच्या भिंतीवर यायला हवंच असतं. श्रावणात कानबाईला गावाकडे येणारे लोक चित्र हाताने घेऊन जातात आणि कुरियरचा खर्च वाचतो. त्याची जाहिरात तीन आठवडे आधी सुरू करा, आदल्या दिवशी नको.

भाव

नव्या चित्रकाराने चौरस इंचावर भाव काढावा. त्यात भावनेला जागा उरत नाही. समजा दर १२ रुपये धरला. १२ × १६ म्हणजे १९२ चौरस इंच, झाले २३०४. त्यात कॅनव्हास, रंग, वार्निशचे ४५० मिळवले की २७५४, २७५० लावा. फ्रेम आणि पाठवणी वेगळी. हाच दर मोठ्या चित्राला लावला तर मात्र फसतो: २४ × ३६ म्हणजे ८६४ चौरस इंच आणि रक्कम १०,३६८, सामान वेगळंच. आकार वाढला तशी मेहनत तेवढ्या पटीने वाढत नाही. म्हणून मोठ्या आकारांना दर उतरवा. ८ रुपयांनी हेच चित्र ६९१२ ला येतं.

दर एकदा ठरला की सगळीकडे तोच. इन्स्टाग्रामवर एक, जळगावच्या दुकानात दुसरा आणि मावसभावाला तिसरा, असं झालं की महिन्याभरात तिघांनाही कळतं. गॅलरी किंवा दुकान कमिशन घेत असेल (३० ते ५० टक्के ऐकायला मिळतं), तर ते मूळ किमतीतून जाणार हे धरूनच दर ठरवा. कमी पैशांत मागणाऱ्यासाठी भाव पाडू नका, छोटं चित्र ठेवा. ५ × ७ इंचांची चार-पाच चित्रं कायम हाताशी असली की ‘थोडं कमी करा ना’ला उत्तर तयार असतं. ‘आम्ही तुमचं चित्र आमच्या पेजवर टाकू’ हा मोबदला नाही, हेही एकदा ठरवून टाका.

छापील प्रती विकायच्या असतील तर आधी एक पट्टी छापून बघा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि केशरी छपाईत मरतो. केळीच्या पानांची चित्रं काढणाऱ्याला हे पहिल्याच प्रिंटमध्ये कळतं. प्रेसवाल्याला शाई पिगमेंट आहे की डाय, हे विचारा. डायची शाई उजेडात लवकर उडते. मर्यादित प्रती म्हणालात तर पेन्सिलीने ३/२५ असा आकडा टाका आणि पंचविसाव्यानंतर खरोखर थांबा.

ऑर्डर आणि हक्क

फोटोवरून पोर्ट्रेट, हा खान्देशातला सगळ्यांत चालणारा माल. त्यातही गेलेल्या आजी-आजोबांचं. फोटो बहुतेकदा आधार कार्डाचा, तोही व्हॉट्सॲपवरून चार वेळा फिरलेला. मूळ फोटो मागा. नसेल तर डोळे आणि कपाळ अंदाजाने येतील हे लिहून कळवा आणि मगच होकार द्या. निम्मे पैसे आधी, पेन्सिलचं रेखाटन दाखवून मंजुरी, त्यानंतर दोन बदल फुकट, तिसऱ्याला पैसे. हे चारही मुद्दे एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत ब्रशला हात लावू नका.

आता कायदा. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप तुमचा असतो. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. चित्र विकलं म्हणजे फक्त ती वस्तू विकली. घेणाऱ्याला त्याची दिनदर्शिका छापायचा हक्क मिळत नाही, तो लेखी द्यावा लागतो. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे आणि ऑर्डरवाल्यांना तो माहीत नसतो: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा होतो. तेव्हा त्याच मेसेजमध्ये एक ओळ वाढवा: ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, छापायचं असल्यास आधी विचारावं.’ बिलावरही तीच ओळ छापा.

उलट बाजूही बघा. अजिंठ्याच्या पद्मपाणीची नक्कल करायला कुणाची परवानगी लागत नाही, ती चित्रं दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. पण आज कुणी काढलेला त्याचा खास प्रकाशातला फोटो जसाच्या तसा उतरवलात तर तो फोटोग्राफरचा हक्क आडवा येऊ शकतो. तोरणमाळचे, काठी गावच्या होळीचे इंटरनेटवरचे फोटो बघून चित्र काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्वतः जाऊन फोटो काढा आणि माणसाचा चेहरा असेल तर त्या माणसाला विचारा.

बहिणाबाईंच्या ओळी सुलेखनात विकणारे पुष्कळ आहेत. त्या गेल्या १९५१ मध्ये. मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याची ६० वर्षं मृत्यूपासून नाही, पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. १९५२ च्या पहिल्या संग्रहातल्या ओळी मोकळ्या झाल्या आहेत. एखादी कविता त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा छापली गेली असेल तर ती कधी छापली ते पाहून घ्या.

पॅकिंग

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि बंद टेम्पोत त्याहून जास्त. ॲक्रिलिक रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकच. उकाड्यात तो मऊ पडतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. चित्राला थेट बबल रॅप गुंडाळला की रंगावर गोल गोल ठसे उमटतात, आणि ते जात नाहीत. रंगाला आधी लागायचा तो ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद), नाहीतर सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद. वाण्याकडचा मेणकागद नको, तो उन्हात मेण सोडतो. ऑइलचं चित्र हाताला कोरडं लागलं तरी आत ओलं असतं. जाड रंग असेल तर काही महिने पाठवूच नका.

कागदावरच्या चित्रासाठी क्रम असा ठेवा. ग्लासीन. त्यावर प्लास्टिकची पिशवी, तोंड टेपने बंद, पावसासाठी. मग चित्राहून चारही बाजूंनी दोन इंच मोठे असे पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एकाच्या नाळ्या (पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा) उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या हव्यात. दोन्ही एकाच दिशेने ठेवले तर पाकीट त्या रेषेवर दुमडतं. पिशवी खालच्या पुठ्ठ्याला कोपऱ्यांवर टेप लावून पक्की करा, म्हणजे चित्र आत सरकणार नाही. चारही कडा टेपने बंद करा. टेपचं एक टोक दुमडून ठेवा. घेणारा सुरी घालतो आणि पहिला वार तुमच्या चित्रावर होतो.

ताणलेल्या कॅनव्हासला पाच पदरी खोकं लागतं, तीन पदरी नाही. केळीची जुनी खोकी फुकट मिळतात म्हणून वापरू नका. त्यांना हवेसाठी भोकं असतात, पुठ्ठा ओल लागून पिचलेला असतो. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या करून बसवा आणि चित्र नि खोकं यांच्यामध्ये सगळीकडून दोन इंच भरण ठेवा. खोकं हलवून बघा: आवाज आला तर पुन्हा उघडा. काच कधीही पाठवू नका. फ्रेम द्यायचीच असेल तर २ मिमीची ॲक्रिलिक शीट बसवा.

मोठा कॅनव्हास गुंडाळूनच पाठवा आणि नळी शेतीच्या पाइपची करा. ११० मिमीचा, सर्वांत कमी दाबाचा पीव्हीसी पाइप आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही ठिबकवाल्याकडे कापून मिळतो. दोन्ही टोकांना टोपणं, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) न लावता फक्त टेप. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर आणि मध्ये ग्लासीन. रंग आत ठेवला तर थर दबून सुरकुत्या पडतात. पाइपवर टेकून बसलं तरी तो चेपत नाही, जे पुठ्ठ्याच्या नळीबद्दल म्हणता येत नाही.

पत्ता, पिनकोड आणि दोघांचे मोबाइल नंबर बाहेर लिहा आणि तेच एका चिठ्ठीवर आतही टाका. पॅकिंग करतानाचा व्हिडिओ काढा. गिऱ्हाइकालाही खोकं उघडताना व्हिडिओ काढायला सांगा. ‘व्हिडिओ नसेल तर तक्रार घेता येणार नाही’ हे विकण्याआधीच कळवा.

पाठवणी आणि जीएसटी

कुरियर खऱ्या वजनावर पैसे घेतंच असं नाही. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण ५००० ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त ते लावतात. ६० × ४५ × ८ चं खोकं म्हणजे ४.३२ किलो, आत चित्र दीड किलोचं असलं तरी. भाव सांगण्याआधी हा हिशेब करा. अक्कलकुवा, धडगावकडे खासगी कुरियर उचलायला येईलच असं नाही. तिथे स्पीड पोस्ट बरं. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका, शनिवारी टाकलेलं रविवारभर गोदामात शिजतं. पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणारे आहेत. स्वस्त पडतं, पण हरवलं तर पावती दाखवायला जागा नसते.

आता सुरत. नंदुरबारहून सुरत मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, गिऱ्हाईकही आपलंच. पण जीएसटीच्या लेखी ते दुसरं राज्य. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात वस्तू विकायची तर साधारण नियमाने ती पहिल्या रुपयापासून लागते. हाताने केलेल्या, अधिसूचित यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना यात काही अटींवर सूट आहे. तुमचं काम त्या यादीत बसतं का, हे एकदा सीएला चित्रं दाखवून विचारा. मशीनवर काढलेल्या प्रती हाताच्या कामात धरल्या जातील असं गृहीत धरू नका. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरता माल विकता येतो, पण त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

फसवणूक

नव्या चित्रकाराकडे खऱ्या गिऱ्हाइकाच्या आधी बऱ्याचदा ठग पोचतो. तो भाव करत नाही, आकार विचारत नाही, एकदम तीन-चार चित्रं घेतो. मग क्यूआर कोड पाठवून म्हणतो, ‘स्कॅन करा, पैसे येतील.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचेच चाललेत. दुसरा प्रकार ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ हा. मेसेजमधला आकडा बघू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. तिसरा परदेशी: तुमचं चित्र एनएफटी (डिजिटल मालकीचा दाखला) म्हणून हजारो डॉलरला घेतो, आधी तुम्ही ‘गॅस फी’ (व्यवहार नोंदवायचं शुल्क) भरा. चौथा तर मान देऊन लुटतो. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी निवड झाल्याचं पत्र येतं, प्रवेश फी तेवढी भरायची, आणि बदल्यात पीडीएफ प्रमाणपत्र. निवड आधी आणि फी नंतर कळत असेल तर मागच्या वर्षीच्या सहभागी चित्रकारांपैकी दोघांना शोधून थेट विचारा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, त्याच तासात बँकेलाही कळवा. ठगाच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, आणि रागाच्या भरात ते चॅट पुसून टाकू नका.